गझवान सिलिंडरची तक्रार

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा गझवान हा अशार भागातला सगळ्यात चांगला एसी मेकॅनिक आहे. हे मी कौतुकाने लिहीत नाही, चिडून लिहिते आहे. ऐन जुलैत, बसऱ्याच्या हवेत श्वास घेणं म्हणजे तोंडावर ओला फडका घेणं असतं तेव्हा, निम्मी गल्ली त्याच्या नावाने हाका मारत असते. आणि हा गृहस्थ सर्मदच्या गेम हॉलमध्ये बसून कुणाला तरी पटवून देत असतो, की दुसऱ्या भागात सिलिंडरचा हात कुठवर पोचायचा. वय चाळिशीच्या पुढे, केस विरळ, बायको नाही, म्हणून जेवायला माझ्याकडे. एकदा लग्न ठरत आलं होतं. पण मुलीचा भाऊ बोलता बोलता म्हणाला, सिलिंडर हा नवशिक्यांचा गडी, आणि गझवानने चहाच्या पेल्यावर चमचा आडवा ठेवून दिला. आमच्याकडे त्याचा अर्थ 'चहा पुरे' एवढाच होतो. त्या लोकांनी तो 'सोयरीकही पुरे' असा घेतला, आणि ह्याने त्यांचा गैरसमज दूर करण्याची तसदी घेतली नाही.

आता सिलिंडर म्हणजे कोण ते सांगणं आलं. मला या विषयात काडीचा रस नाही. पण एखादी गोष्ट वर्षानुवर्षं जेवणाच्या ताटावर ऐकली की ती पाठ होते, आपली इच्छा असो वा नसो.

हा एक मारामारीचा गेम आहे. त्याचं खरं नाव जपानी; ते आमच्या कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून बसऱ्यात सगळे त्याला 'आखाडा' म्हणतात. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर, दोघांच्या डोक्यावर आयुष्याची एकेक पिवळी पट्टी. मार खाल्ला की पट्टी आखडते, संपली की माणूस आडवा. निवडायला पुष्कळ जण आहेत: तलवारवाली आहे, चाबूकवाला आहे, नुसत्या उड्या मारणारा एक भिक्षू आहे. आणि एक आहे बुटका, गोल पहिलवान, डोक्यावर कडं असलेली टोपी. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव सिलिंडर ठेवलं, कारण तो हुबेहूब गॅसचं सिलिंडरच दिसतो. त्याची एक पकड आहे. समोरच्याला उचलून तो मागच्या भिंतीवर थापटतो, बाई तंदूरच्या आत रोटी थापटते तसा. म्हणून त्या पकडीचं नाव तंदूर.

दर काही वर्षांनी या गेमचा नवा भाग येतो, आणि प्रत्येक भागात जपानी कंपनीतली माणसं लढवय्यांची ताकद कुणाची वाढवतात, कुणाची कमी करतात. जो फार जिंकत असेल त्याला कापायचं, जो धूळ खात पडला असेल त्याला थोडं खाऊ घालायचं. मला यात काही गैर दिसलं नाही. सरकारं खाती बदलतात, तसंच हे. पण गझवानच्या मते हा सगळा डाव एका सिलिंडरविरुद्ध होता.

"दुसऱ्या भागात तंदूर लागला की निम्मी पट्टी साफ, खाला," तो सांगायचा. खाला म्हणजे मी, मावशी. "निम्मी. तिसऱ्या भागात आणली चतकोरावर. चौथ्यात हात आखूड केले. पाचव्यात त्याला लाथ मारायला शिकवलं. सिलिंडर कधी लाथ मारतं?"

"नाही मारत. जेव."

"आणि सहाव्यात बारीक केला त्याला."

"बरं झालं, मधुमेह टळला."

"तुम्हाला थट्टा सुचते. माणसाचं असं केलं असतं तर?"

माणसांचं काय काय केलं गेलं ते या शहरात मी त्याच्यापेक्षा जास्त पाहिलं होतं, पण ते ऐकायला त्याला वेळ नव्हता.

ही तक्रार आली कुठून, तेही सांगते. इराकवरच्या निर्बंधांच्या वर्षांत दुकानांत काही मिळत नव्हतं, औषधंसुद्धा नाहीत. पण अबू मुहन्नदच्या दुकानात जुन्या टीव्हींना जोडलेली गेमची मशीनं होती, आणि आखाड्याचा दुसरा भाग होता. गझवान तेव्हा शाळेत. बाकीची पोरं तलवारवाली घ्यायची, कारण ती दिसायला बरी आणि चपळ. हा सिलिंडर घ्यायचा. सिलिंडर म्हणजे बैलगाडी. समोरच्याच्या अंगाशी भिडेपर्यंत तो अर्धमेला व्हायचा. पण एकदा भिडला की तंदूर, पुन्हा तंदूर, खेळ खलास. अशारमध्ये त्याला हरवणारं कुणी उरलं नाही. नदीपलीकडून तनूमाची मोठी पोरं होडीने यायची, हरून होडीने परत जायची. बाजारात माझी ओळख 'गझवान सिलिंडरची मावशी' अशी करून दिली जायची. मी गणिताची शिक्षिका, विद्यापीठात शिकलेली, आणि माझी ओळख ही.

मग युद्ध झालं, सरहद्दी उघडल्या, तिसरा भाग आला. सिलिंडरचा तंदूर चतकोरावर आला आणि गझवान हरू लागला. तेव्हापासून तो हरतोच आहे, आणि प्रत्येक हरण्याचं कारण त्याच्याकडे तयार आहे. दुसऱ्या कुणाला निवड, असं मी हजारदा सांगितलं. तो म्हणतो, "त्यांनी त्याचं हिसकावून घेतलंय, खाला. अशा वेळी त्याला सोडून जाऊ?"

यंदा वसंतात सर्मदने बगदादच्या स्पर्धेसाठी बसऱ्याचा चमू बांधायला घेतला. चार जण, अंगात सदरा, सदऱ्यावर शहराचं नाव. सर्मदच्या आईला मी बीजगणित शिकवलं आहे; पोरगा तिच्यापेक्षा हुशार आणि तिच्यापेक्षा उद्धट. तीन जागा भरल्या. चौथीसाठी गझवानचा जीव नुसता अडकला होता. उजवं मनगट आता दुखतं, रात्री तो त्यावर गरम पट्टी बांधतो. ही शेवटची संधी हे त्यालाही कळत होतं. गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला कशासाठी इतका आतुर झालेला पाहिला नव्हता.

सर्मदने सरळ सांगितलं. "हाजी, तुमचा हात चांगलाय. गडी टाकाऊ आहे. तलवारवाली घ्या, नाहीतर भिक्षू घ्या, जागा तुमची. सिलिंडर घेऊन बगदादला गेलो तर लोक विचारतील, शेगडी कुठाय."

हाजी हे त्याने वयावरून मारलेलं. गझवान मक्केला गेलेला नाही. तो बगदादलाही गेलेला नाही.

त्याच महिन्यात सातवा भाग आला, आणि त्याच्यासोबत कंपनीने भेट म्हणून जुना दुसरा भागही दिला, जसा होता तसा. ते ऐकून गझवान पोरासारखा हसला. "आता दाखवतो त्यांना. या पोरांनी खरा सिलिंडर पाहिलेलाच नाही."

त्या दुपारी मी हॉलमध्ये गेले ती त्याला कान धरून घरी आणायला. माझा एसी तीन दिवस गरम हवा सोडत होता. पण आत जत्रा भरली होती. पोरं खुर्च्यांच्या पाठींवर चढून बसली होती, आणि मध्ये गझवान, शाळेतल्या बक्षीस समारंभात बसावं तसा ताठ. समोर मुसन्ना नावाचा मुलगा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा; चौथ्या जागेवर त्याचाही डोळा होता. पडद्यावर जुने, ओबडधोबड लढवय्ये आले. सिलिंडर तेव्हा चांगलाच जाड होता, हे मला मान्य करायलाच हवं.

गझवानने मार खात खात अंतर तोडलं, भिडला, आणि तंदूर लावला.

मुसन्नाची पट्टी जराशी हलली. निम्मी नाही, चतकोरही नाही. रोटीची कड मोडावी तेवढी.

 मग मागून एकजण म्हणाला, "हाजी, तंदूर पेटवायचा राहिला वाटतं."

गझवानने पुन्हा लावला. पुन्हा तेवढंच. सर्मद हसून खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. "हाच का तो? यासाठी आम्ही लहानपणापासून तुमचं ऐकतोय?"

गझवान उठला. त्याचा चेहरा लाल नव्हता, राखाडी झाला होता. "हा दुसरा भाग नाही. त्यांनी यातही हात घातलाय. जुन्यातसुद्धा."

"कंपनीला दुसरा उद्योग नाही," सर्मद म्हणाला. "टोकियोत एक माणूस फक्त तुमच्यासाठी नेमलाय. सकाळी येतो, सिलिंडरला चिमटा काढतो, घरी जातो."

"अस्सल सीडी आणून दाखवली तर?"

"आणा. शुक्रवारी निवड आहे. तोवर आणा, नाहीतर तलवारवाली शिका."

अस्सल सीडी असणार ती अबू मुहन्नदकडे. एसीचा विषय मी तिथेच सोडला, कारण हा अशा अवस्थेत एकटा गेला तर कुणाच्या तरी गळ्यात पडून भांडेल किंवा रडेल, आणि दोन्ही मला रस्त्यावर नको होतं.

अबू मुहन्नद आता सौर पॅनल विकतो. पोट सुटलंय, दाढी पांढरी. पण मूळचा विद्युत अभियंता, निर्बंधांच्या काळात नोकरी गेली म्हणून पोरांना गेम खेळवायला बसलेला. आम्हाला बघून त्याने लिंबाचा चहा मागवला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मला बॅटरी विकायचा प्रयत्न केला.

"अम्मू," म्हणजे काका, गझवान म्हणाला, "आखाड्याच्या दुसऱ्या भागाची सीडी हवी होती. तुमच्याकडची."

"कुठली? आपली की जपान्यांची?"

गझवानचा पेला ओठांपाशी थांबला. "आपली म्हणजे?"

"आपली म्हणजे मी केलेली. तुम्ही खेळायचात ती."

मी म्हटलं, "केलेली म्हणजे काय, अबू मुहन्नद? नीट सांग. याचा जीव टांगणीला लागलाय."

"नीटच सांगतोय, सित्त निदाल." शिक्षिका म्हणून तो मला अजून सित्त म्हणतो. "तेव्हाची वीज आठवते ना? यायची आपल्या मर्जीने, जायची आपल्या मर्जीने. पोरं लढत लावायची, ऐन रंगात अंधार. मग कोण जिंकलं? हा म्हणतो मी जिंकत होतो, तो म्हणतो मी. एकदा दोन वेगळ्या टोळ्यांची पोरं होती. अंधारात एकाचा दात पडला."

"ते मला आठवतं," गझवान म्हणाला. "समोरचा दात."

"तर दोन्ही टोळ्यांचे शेख तडजोडीला माझ्या दुकानात येऊन बसले. एवढीशी जागा, त्यात आठ-दहा पायघोळ अबा घातलेली माणसं, सगळे टीव्हीकडे तोंड करून. मी कॉफी पुढे केली. कुणी हात लावेना. मागणी मान्य झाल्याशिवाय पिणार नाहीत, ही तर रीतच. दाताचं त्यांनी आपसांत मिटवलं. मग थोरले शेख माझ्याकडे वळले. म्हणाले, अबू मुहन्नद, पुन्हा असं व्हायला नको. वीज जायच्या आत लढत संपली पाहिजे. शब्द दे, मग पितो."

"आणि तू शब्द दिलास," मी म्हटलं.

"कॉफी गार होत होती."

"वीज जायच्या आत संपवीन म्हणून?"

"वीज माझ्या हातात नव्हती, सित्त. आयुष्याची पट्टी होती. संगणकावर सीडी उघडली, आत नुसते आकडे. कुठला आकडा कशाचा, देव जाणे. एक बदलला तर सगळे लढवय्ये निळे झाले. दुसरा बदलला तर जमीनच गेली, दोघे खाली पडतच राहिले. शेवटी एक आकडा सापडला, तो या जाड्याच्या पकडीचा निघाला. तो वाढवला. आणखी कुणाचा सापडला असता तर त्याचा वाढवला असता. त्यानंतर लढती कशा चटाचट संपायला लागल्या. शेख एकदा स्वतः बघून गेले, खूश झाले."

गझवानने पेला बशीत ठेवला. बराच वेळ तो पॅनलमध्ये दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघत होता. मग म्हणाला, "आणि बाकीच्या गावांत? बगदादला? जपानात?"

"तिथे तो पहिल्यापासून तसाच. मठ्ठ आणि कमजोर. तिसऱ्या भागात उलट जपान्यांनी त्याला जरा सुधारला. मी म्हटलं, चला, गरिबाचं भलं झालं."

"सुधारला," गझवान म्हणाला.

"चांगलाच. का, तुला नाही वाटलं?"

मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. कालव्याच्या कडेने आम्ही चालत होतो. पाण्याला वास येत होता. मला, खरं सांगते, हायसं वाटत होतं. चला, सुटला एकदाचा. कंपनी निर्दोष, तक्रार मिटली, आता तलवारवाली घे आणि बगदादला जा. मी तसं म्हटलंही.

"म्हणजे मी जिंकायचो," तो म्हणाला, "ते मी नव्हतोच."

"थोडा तू होतास. थोडी वीज होती."

"थोडा किती?"

"मला काय ठाऊक. सिलिंडर बाकीच्यांनाही घेता येत होता ना? कुणी घेतला? भिडायच्या आधीच मरायचे सगळे. भिडायचास तू एकटा."

हे मी समजूत घालायला म्हटलं नाही, खरं होतं म्हणून म्हटलं. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. पुढचे दिवस तो कामावर गेला, गल्लीतले सगळे एसी दुरुस्त केले, माझाही, आणि जेवताना भाताकडे बघत बसला. गुरुवारी मी विचारलं, तलवारवालीचं काय केलंस. म्हणाला, "करून बघितलं. माझे हात तिला घेऊन समोरच्याच्या अंगावरच जातात. ती लांब राहून लढायची बाई आहे, खाला. मला लांब राहता येत नाही."

शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर मी त्याच्याबरोबर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. सातव्या भागावर मुसन्नाशी तीन लढती, दोन जिंकेल तो चौथा. मुसन्नाने तलवारवाली घेतली. गझवानने सिलिंडर निवडला तेव्हा सर्मदने डोळे फिरवले.

"सीडी आणली, हाजी?"

"नाही. लाव."

पहिल्या लढतीत मी काहीतरी नवीन पाहिलं. भिडल्यावर गझवानने तंदूर लावलाच नाही. नुसत्या चापट्या, कोपराचे धक्के, आणि ती पाचव्या भागात शिकवलेली लाथ, जिला त्याने इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या. मुसन्ना तंदूर चुकवायला उडी मारायचा आणि खाली लाथेवर यायचा. पोरं पुढे सरकली. सर्मदने हाताची घडी सोडली. गझवान जिंकला. दुसरी लढत तो हरला, पण जेमतेम.

तिसरीत मुसन्नाच्या पट्टीचं सूत उरलं होतं. खरंच सूत. एक चापट पुरे होती, एक लाथ पुरे होती. गझवानचीही पट्टी बरी शिल्लक होती, घाई कसलीच नव्हती. सिलिंडर तलवारवालीच्या अंगाशी उभा होता. मलासुद्धा दिसत होतं काय करायचं ते, मी, जिला या खेळाचा वैताग आहे, पुटपुटले, "लाथ मार रे."

त्याच्या हाताने तंदूर लावला.

जपान्यांनी आखूड केलेला तो हात हवेतच मिटला. मुसन्ना मागे सरकला होता. सिलिंडर दोन्ही हात पसरून मोकळा उभा राहिला, आणि तलवार आली, पुन्हा आली, पुन्हा आली.

मुसन्नाला खांद्यावर घेऊन पोरांनी गोंगाट केला. गझवान आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला होता, कुणीतरी त्याच्या मांडीवर ठेवून विसरलेली वस्तू असावी तसा. सर्मद जवळ आला. त्याचा आवाज या वेळी उद्धट नव्हता, आणि ते मला जास्तच झोंबलं.

"हाजी, लाथ मारायची होती ना. जिंकला होतात तुम्ही."

"हो."

"आठव्या भागात वाढवतील त्याला. बघा. जुनी ताकद परत देतील."

"नव्हतीच त्याची," गझवान म्हणाला.

"काय नव्हती?"

मी श्वास घेतला. आता सांगेल, मला वाटलं. वीज, दात, शेख, कॉफी, सगळं सांगेल, आणि ही पोरं निदान एकदा तोंड मिटतील. गझवानने वर पाहिलं. मुसन्नाचा बाप दारात उभा होता, मुलाचे फोटो काढत. तो गझवानहून थोडा मोठा, तनूमाचा, होडीने येऊन होडीने परत जाणाऱ्यांपैकी. त्याने लांबूनच छातीवर हात ठेवून गझवानला मान दिला.

"वय नव्हतं," गझवान म्हणाला. "म्हणजे, माझं आता राहिलं नाही. जा, मुसन्नाला गरम पट्टी बांधायला सांग मनगटावर. आत्तापासून."

बाहेर उन्हात आल्यावर मी त्याला सोडलं नाही. "का नाही सांगितलंस? इतकी वर्षं आमचे कान किटवलेस, आणि खरं सांगायची वेळ आली तर तोंडात मिठाची गुळणी?"

"कुणाला सांगू, खाला?"

"सगळ्यांना."

"त्या पोरांचे बाप माझ्याकडून हरलेत. अजून सांगतात लोकांना, आम्ही गझवान सिलिंडरकडून हरलो म्हणून. आता जाऊन काय सांगू त्यांना? वीज जाणार होती म्हणून हरलात तुम्ही?"

"हो, तेच सांग."

 रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला, उजव्या नव्हे, डाव्या हाताने.